चाळीस मिनिटांच्या तासात 'मिनी मेट्रो': नववीच्या भूगोलासाठी व्हिडिओ गेम कसा वापरायचा

व्हिडिओ गेम घेऊन शिकवायचं म्हटलं की शिक्षक-खोलीत दोन प्रश्न ठरलेले असतात. "एवढे संगणक आणायचे कुठून?" आणि "मग पोर्शन कधी संपवायचा?" दोन्ही रास्त आहेत. म्हणून इथे हिशोब अगदी आटोपशीर ठेवला आहे: एक गेम, एक प्रोजेक्टर किंवा स्मार्ट टीव्ही, आणि दोन तास. गेम 'मिनी मेट्रो', इयत्ता नववी, विषय भूगोल, पाठ 'नागरीकरण' आणि 'वाहतूक व संदेशवहन'. हे पाठ तुम्ही तसेही शिकवणारच आहात, त्यामुळे वेगळा वेळ काढावा लागत नाही.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर तर पन्नास वर्षांहून जुनं आहे. १९७१ साली अमेरिकेत मिनियापोलिसमध्ये डॉन रॉविच नावाच्या शिकाऊ शिक्षकानं आठवीच्या इतिहासासाठी दोन मित्रांच्या मदतीनं 'ओरेगॉन ट्रेल' हा गेम बनवला. एकोणिसाव्या शतकात पश्चिमेकडे निघालेल्या कुटुंबांचा बैलगाडीचा प्रवास त्यात होता. पडदा नव्हता, फक्त कागदावर छापणारं टेलिटाइप यंत्र होतं. मुलं गटागटानं त्याच्याभोवती बसायची, कुणी नकाशा सांभाळायचं, कुणी पैशांचा हिशोब, आणि पुढे काय करायचं ते आपसात ठरवायची. यंत्र अपुरं पडलं म्हणूनच मुलं एकमेकांशी बोलली. प्रत्येकाच्या हातात टॅब दिला असता तर प्रत्येकानं मान खाली घालून आपापला डाव खेळला असता. आपल्याकडे पन्नास मुलांत एक प्रोजेक्टर असतो, तेव्हा ही अडचण म्हणून रडत बसण्यात अर्थ नाही.

गेम निवडताना काय पाहायचं

'शैक्षणिक' असं लेबल लावलेल्या गेमपासून जरा सावधच राहा. बऱ्याच गेममध्ये बेरीज बरोबर आली की माकड उडी मारतं. त्या उडीचा बेरजेशी काहीही संबंध नसतो. मुलाला उडी हवी असते आणि बेरीज म्हणजे तिच्यासाठी भरायचा टोल. चांगल्या गेममध्ये जे शिकवायचं आहे तेच खेळायचं असतं. खेळ वेगळा आणि धडा वेगळा अशी शिवण दिसली की तो गेम बाजूला ठेवावा.

दुसरी कसोटी माझ्या मते त्याहून महत्त्वाची: गेम हवा तेव्हा थांबवता आला पाहिजे, आणि थांबलेला पडदा पाहून वर्गाला बोलता आलं पाहिजे. गेम चालू असतो तोवर मुलं खेळत असतात. शिकणं होतं ते पॉज दाबल्यावर. ज्या गेममध्ये क्षणभर थांबलं की मजाच जाते, तो घरी कितीही भारी असला तरी वर्गात कामाचा नाही. बाकी गोष्टी व्यवहाराच्या: डाव दहा-पंधरा मिनिटांत संपावा, मध्येच जाहिराती येऊ नयेत, नेटशिवाय चालावा, आणि इंग्रजी वाचता येत नाही म्हणून कुणी मागे पडू नये.

'मिनी मेट्रो' या सगळ्यात बसतो. न्यूझीलंडच्या डायनोसॉर पोलो क्लब या छोट्या कंपनीनं तो २०१५ मध्ये आणला. एकदाच पैसे भरून विकत घ्यायचा, संगणकावर आणि मोबाईलवर दोन्हीकडे चालतो, आणि पडद्यावर मजकूर जवळजवळ नाहीच.

खेळ असा आहे. पांढऱ्या नकाशावर तीन स्टेशनं दिसतात: एक गोल, एक त्रिकोण, एक चौकोन. तुम्ही बोटानं किंवा माउसनं रेघ ओढून ती जोडायची, की त्या मार्गावर गाडी धावू लागते. स्टेशनांवर बारीक आकार उगवतात, ते प्रवासी. त्रिकोणी प्रवाशाला त्रिकोणी स्टेशनावर जायचं असतं, चौकोनी प्रवाशाला चौकोनी. गाडीत सहाच माणसं मावतात. मग नवी स्टेशनं उगवत जातात, गर्दी वाढते. दर आठवड्याच्या शेवटी एक नवं इंजिन मिळतं, शिवाय दोन बक्षिसांतलं एक निवडायचं: जास्तीचा डबा, नवा मार्ग, नदीखालून जायला बोगदा असं काहीतरी. एखाद्या स्टेशनावर मर्यादेपेक्षा जास्त माणसं साचली की त्याच्याभोवती इशाऱ्याचं वर्तुळ भरू लागतं. ते पूर्ण भरलं की डाव संपला.

नागरीकरणाच्या पाठात 'पायाभूत सुविधांवर ताण' असा शब्दप्रयोग मुलं पाठ करतात. इथे तो ताण डोळ्यांसमोर भरत जाताना दिसतो.

घरची तयारी

आधी एकच वाक्य वहीत लिहा: तास संपल्यावर मुलांना काय कळलेलं असायला हवं? माझं वाक्य असं: "गर्दीचं कारण नेहमी गाड्या कमी असणं हे नसतं, बऱ्याचदा मार्ग एकमेकांना नीट जोडलेले नसतात." तुमचं वेगळं असू शकेल, पण एकच असू द्या. "शहरीकरणाच्या समस्या समजतील" असलं गुळमुळीत उद्दिष्ट घेऊन वर्गात गेलात तर तास मजेत जाईल आणि हाती काही लागणार नाही.

मग स्वतः खेळा. चांगलं खेळता येणं गरजेचं नाही. पहिलं संकट साधारण कधी येतं आणि कशामुळे येतं एवढं कळलं म्हणजे झालं. सुरुवात लंडनच्या नकाशापासून करा. गेममध्ये मुंबईही आहे, पण काही शहरं आधीच्या शहरांत पुरेसे प्रवासी वाहून नेल्यावरच उघडतात, तेव्हा मुंबई उघडली आहे की नाही हे आदल्या दिवशीच बघा. वर्गात कुलूप दिसलं तर मुलं "सर, अजून एकदा, अजून एकदा" करत तास खाऊन टाकतील. डाव बुडताना दोन-तीन स्क्रीनशॉट काढून ठेवा, पुढे मूल्यमापनाला लागतात. सेटिंगमध्ये रंग ओळखायला अडचण असणाऱ्यांसाठी वेगळी सोय आहे, ती चालू करून टाका. लाल-हिरव्यात गोंधळणारं मूल वर्गात असलं तरी ते आपणहून सांगत नाही.

जोडायची वायर, चार्जर, आवाज हे सगळं ज्या खोलीत तास आहे त्याच खोलीत तपासा. संगणक-खोलीत चाललं म्हणजे वर्गात चालेलच असं नाही.

मुख्याध्यापक आणि पालक

हा टप्पा टाळून पुढे गेलात तर नंतर महागात पडतं. संध्याकाळी मूल घरी जाऊन एवढंच सांगतं, "आज शाळेत गेम खेळलो." पुढचा फोन कुणाला येतो हे सांगायला नको. मुख्याध्यापकांना पाठाचं नाव आणि ते एक वाक्य दाखवा, गेमचं कौतुक करू नका. पालकांसाठी वर्गाच्या ग्रुपवर किंवा सूचनावहीत असा मजकूर पुरतो:

"सप्रेम नमस्कार. येत्या आठवड्यात भूगोलाच्या दोन तासांना शहरातील वाहतूक हा भाग शिकवताना एक संगणकीय खेळ वर्गातील मोठ्या पडद्यावर, शिक्षकांच्या समोर वापरला जाईल. विद्यार्थ्यांनी मोबाईल आणायचा नाही. घरी हा खेळ डाउनलोड करण्याची किंवा विकत घेण्याची गरज नाही. कुणाला तास पाहायचा असल्यास जरूर यावे."

शेवटचं वाक्य खरंच लिहा. सहसा कुणी येत नाही, पण त्यामुळे शंका निम्म्यानं कमी होतात.

वर्गाची मांडणी

सात-आठ जणांचे गट करा. प्रत्येक गटात चार कामं ठरवून द्या. एक जण नोंद ठेवणार. एक जण फक्त गर्दीवर नजर ठेवणार. एक जण गटाचा निर्णय मोठ्यानं सांगणार. आणि एक जण मुद्दाम विरोध करणार: गट जे ठरवेल त्यातली खोट काढायची, हेच त्याचं काम. उरलेले सल्लागार. विरोधकाचं काम मुलांना फार आवडतं, आणि खरं बोलणं तिथूनच सुरू होतं.

माउसवर बसणाऱ्या मुलाला स्वतःचं डोकं चालवायची परवानगी नाही. वर्ग सांगेल तीच रेघ ओढायची. दर आठवड्याला, म्हणजे गेममधल्या आठवड्याला, माणूस बदला.

इथे एक गोष्ट घडतेच. वर्गात दोन-चार मुलगे असतात जे घरी मोबाईलवर तासन्‌तास खेळतात. पहिल्या मिनिटापासून तेच ओरडून सूचना द्यायला लागतात, आणि मुली, किंवा घरी स्मार्टफोन नसलेली मुलं, हळूच मागे सरकतात. "सगळ्यांनी बोला" असं म्हणून हे सुटत नाही. माउस आधी त्यांच्या हाती द्या ज्यांनी कधी गेम खेळलेला नाही, आणि त्या पटाईत मुलांना गर्दी-निरीक्षक करा. निरीक्षकानं मोजून आकडा सांगायचा, सल्ला द्यायचा नाही. त्यांचा वेग कामी येतो आणि तोंड जरा बंद राहतं.

पहिला तास

हजेरी, बाक सरकवणं यात पाचेक मिनिटं जाणारच. नियम एकच सांगा: त्रिकोणी प्रवाशाला त्रिकोणी स्टेशन. बाकी काही समजावू नका. पुढची दहा मिनिटं वर्गाला वाटेल तसं खेळू द्या, वेग वाढवला तरी चालेल. हा डाव बुडू द्या. वाचवायचा मोह होतो, पण तुम्ही सुचवलेली एक रेघसुद्धा पुढची सगळी चर्चा मारून टाकते.

डाव संपला की पडदा तसाच ठेवा आणि विचारा, "कुठलं स्टेशन बुडालं? का?"

मुलं हमखास म्हणतात, "गाड्या कमी होत्या." फळ्यावर लिहा. चूक आहे असं म्हणू नका. मग सांगा, "गर्दी-निरीक्षक, प्रत्येक मार्गावर किती गाड्या आहेत आणि त्यांत किती माणसं बसली आहेत ते मोजा." बहुतेक वेळा असं निघतं की लाल मार्गावर माणसं तुंबली आहेत आणि पिवळ्या मार्गावरची गाडी रिकामी हिंडते आहे. आता विचारा, "रिकामी गाडी असताना माणसं का साचली?" वर्ग जरा गप्प होतो. मग कुणीतरी म्हणतं की लाल मार्गावर सगळी गोलच स्टेशनं आहेत, चौकोनाला जायला वाटच नाही. किंवा असं, की दोन्ही मार्ग एकाच स्टेशनावर भेटतात, त्यामुळे सगळे तिथेच उतरतात. या दोन वाक्यांसाठीच सगळा खटाटोप आहे. ती ज्यानं म्हटली त्याच्याच शब्दांत फळ्यावर उतरवा, पाठ्यपुस्तकी भाषेत नको.

मग दुसरा डाव, पण आता थांबत थांबत. दर आठवडा संपला की पॉज, आणि कुठल्याही स्टेशनाभोवती इशाऱ्याचं वर्तुळ दिसलं की पॉज. प्रत्येक थांब्याला गटांना एक मिनिट द्या. चिठ्ठीवर दोन ओळी: काय करायचं, आणि त्यानं काय होईल. आधी लिहायचं, मग बघायचं. हा क्रम सोडू नका, कारण पाहून झाल्यावर सगळ्यांना "मी तेच म्हणत होतो" असं वाटतं. मतांनी निर्णय घ्या, रेघ ओढा, गेम चालू करा. पॉज असतानाही मार्ग बदलता येतात, त्यामुळे घाई नसते.

शेवटच्या चार मिनिटांत प्रत्येकानं वहीत एकच वाक्य लिहायचं: "दुसऱ्या डावात आम्ही ... बदललं, कारण ..." डाव मध्येच तुटला तरी चालेल. मुलं कुरकुर करतील, करू द्या.

दुसरा तास: गेम बंद, नकाशा उघडा

खरा पाठ इथे आहे, आणि नेमका हाच तास बहुतेक जण वगळतात.

फळ्यावर मुंबईचा ढोबळ आराखडा काढा. चिंचोळं, दक्षिणोत्तर पसरलेलं शहर. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे ही ३४ किलोमीटरची पहिली गाडी धावली. पश्चिम आणि मध्य हे दोन्ही मुख्य मार्ग दक्षिणेतल्या बंदराकडे, कचेऱ्यांकडे जातात. म्हणजे दोन लांबच लांब रेघा, जवळजवळ समांतर, आणि अदलाबदलीचं मोठं ठाणं दादर. आता कालचं वाक्य आठवायला सांगा. मुलं स्वतःच म्हणतात, "मग दादर बुडणार." मग मेट्रोचा पहिला मार्ग काढा: वर्सोवा, अंधेरी, घाटकोपर. ८ जून २०१४ ला सुरू झाला, ११.४ किलोमीटर, १२ स्थानकं. अंधेरीला पश्चिम रेल्वेला भेटतो, घाटकोपरला मध्य रेल्वेला. आडवी रेघ! गटांना विचारा: हा मार्ग नसताना कांदिवलीहून मुलुंडला जाणारा माणूस कसा जात असेल, आणि आता त्याच्याकडे कुठला पर्याय आहे?

यानंतर फळ्याचे दोन भाग करा आणि मुलांना गेमचा खोटेपणा शोधायला लावा. गेममध्ये रेघ ओढली की मार्ग तयार. वर्सोवा-घाटकोपर मार्गाचं भूमिपूजन २००६ मध्ये झालं आणि गाडी धावायला आठ वर्षं लागली. ती कशात गेली? गेममध्ये डबा चिकटवला की झालं. लोकलचे १२ डबे १५ करायचे तर फलाट लांबवावे लागतात. गेममध्ये जमीन कुणाचीच नसते. मुंबईतल्या आरे वसाहतीत मेट्रोच्या कारशेडसाठी २०१९ मध्ये झाडं तोडली गेली तेव्हा रस्त्यावर लोक का उतरले, हे विचारा आणि दोन्ही बाजू मांडू द्या, निकाल तुम्ही देऊ नका. गेममध्ये तिकीट नाही, स्वच्छतागृह नाही, म्हातारं माणूस नाही. गेममधल्या मुंबईत स्टेशनंसुद्धा खऱ्या जागी नसतात, वाटेल तिथे उगवतात.

आणि गर्दी झाली की गेममध्ये फक्त डाव संपतो. २९ सप्टेंबर २०१७ ला तेव्हाच्या एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पादचारी पुलावर चेंगराचेंगरी होऊन वीसहून अधिक माणसं गेली. हे वर्गात सांगावं की नाही, हा निर्णय वर्ग पाहून घ्या. नववीच्या मुलांना ते पेलतं असं माझं मत आहे, पण पडद्यावर गेम चालू असताना ते सांगू नये.

यातला सगळ्यात बारीक मुद्दा मुलांना स्वतः सापडू द्या. गेममधल्या त्रिकोणी प्रवाशाला कुठलंही त्रिकोणी स्टेशन चालतं. खऱ्या आयुष्यात अकरावीला प्रवेश मिळालेल्या मुलीला तिचंच कॉलेज लागतं, जवळचं कुठलंही कॉलेज नाही. सापडलं नाही तर एवढंच विचारा: "त्रिकोण म्हणजे दवाखाना धरला तर कुठलाही दवाखाना चालेल का? आणि त्रिकोण म्हणजे शाळा धरली तर?"

शाळा गावात असेल तर मुंबई परकी वाटते, तेव्हा उरलेल्या वेळात आपला तालुका घ्या. १ जून १९४८ ला पुणे-अहमदनगर अशी पहिली एसटी धावली, ती गोष्ट सांगून मुलांना आपल्या भागातल्या एसटीच्या फेऱ्यांचा असाच नकाशा काढायला सांगा. गोल म्हणजे वस्ती, चौकोन म्हणजे बाजार, त्रिकोण म्हणजे ज्युनिअर कॉलेज, अधिकचं चिन्ह म्हणजे ग्रामीण रुग्णालय. कुठल्या वस्तीतून कुठल्या आकाराला थेट गाडी नाही, ते शोधायचं. या नकाशात मुलांना शिक्षकापेक्षा जास्त माहिती असते.

गुण कसे द्यायचे

गेममधल्या स्कोअरला गुण द्यायचे नाहीत. एकदा दिले की मुलं घरी सराव करून येतील आणि ज्याच्या घरी फोन नाही तो कायमचा मागे राहील. काढून ठेवलेले स्क्रीनशॉट छापा, किंवा फळ्यावर तसंच चित्र काढा, आणि लेखी विचारा: कुठलं स्टेशन आधी बुडेल? कारण द्या. तुमच्याकडे एकच मार्ग शिल्लक आहे, तो कुठून कुठे न्याल? या उपायाचा तोटा काय? तिसऱ्या प्रश्नाला सर्वांत जास्त गुण ठेवा. 'तोटा नाही' असं लिहिणाऱ्याला पाठ समजलेला नाही.

वीज गेली तर

जाणारच, म्हणून हा पर्याय तयार ठेवा. तसा तो स्वतंत्रपणेही छान जमतो. मैदानावर चुन्यानं किंवा खडूनं सात-आठ आकार काढा. सुतळीचे तीन तुकडे म्हणजे तीन मार्ग. प्रत्येक मार्गावर एक मूल गाडी, तिच्या मागे खांदे धरून जास्तीत जास्त सहा प्रवासी. बाकीच्यांना आकार काढलेल्या चिठ्ठ्या द्या. शिट्टी वाजली की दर वेळी प्रत्येक स्टेशनावर एक नवा प्रवासी उभा राहतो. सहापेक्षा जास्त जण एका स्टेशनावर दहा अंक मोजेपर्यंत राहिले की स्टेशन बंद. सुतळी हलवायची तर आधी शिट्टी, सगळे स्तब्ध, मग चर्चा. आठ स्टेशनांच्या वर जाऊ नका, गोंधळ आवरत नाही. गाडी झालेली मुलं पळत सुटतात, त्यांना चालायचाच नियम घाला.

विज्ञानाच्या शिक्षकांनी मेट्रोच्या मागे लागण्याचं कारण नाही. कोलोरॅडो विद्यापीठाची 'फेट' (PhET) ही मोफत प्रतिमानं, म्हणजे पडद्यावर करून पाहायचे प्रयोग, आहेत, त्यांतली बरीच मराठीतही मिळतात, आणि नेट नसलं तरी आधी उतरवून ठेवता येतात. विद्युत परिपथ जोडण्याचं प्रतिमान घ्या, पण पद्धत हीच ठेवा: बटण दाबण्याआधी दिवा लागेल की नाही ते प्रत्येकानं वहीत लिहायचं.